पंचतारांकित पंप आणि विजेची बचत: एक खुलासा

लातूर-बीडकडील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणारा ‘पंचतारांकित पंप बसवला की विजेची बचत आपोआप होते’ हा दावा अर्धाच खरा आहे.

तारांकन पंपाची कार्यक्षमता सांगते; एकूण वापर किती होईल, हे नव्हे. 1000 लिटर पाणी 100 मीटर उचलण्यास 30 टक्के कार्यक्षमतेच्या पंपसंचाला सुमारे 0.9 युनिट, तर 45 टक्क्यांच्या संचाला 0.6 युनिट वीज लागते. हा लाभ निर्विवाद आहे. परंतु ऑटो स्विच लावलेला पंप वीज येताच सुरू होऊन ती जाईपर्यंत चालत राहिला, तर तेवढ्याच तासांत जास्त पाणी उपसले जाते, आणि बोअरमधील पाण्याची पातळी 150 मीटर खोल गेली की नव्या संचालाही पुन्हा 0.9 युनिटच लागते.

ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 मध्ये ऊर्जेचा कार्यक्षम वापर आणि एकूण वापरात बचत ही दोन्ही उद्दिष्टे आहेत. मात्र तारांकनाची अंमलबजावणी सोपी, उपशाला आवर घालणे राजकीयदृष्ट्या अवघड. 2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत असल्याने पंप बंद करण्यासाठी बिलाचे कारणही उरत नाही. उपसा रोखण्याचे काम ठिबक, पीकनिवड आणि पाणीवाटपाच्या नियमांनाच करावे लागेल.