गाबाच्या नावाखाली गाबाचीच गोळी बंद?

ठाण्यात नौपाड्यात आमचं मेडिकल आहे. परवा नेहमीच्या एक काकू मोबाइल पुढे करत म्हणाल्या, "दादा, मुलाची ती फिटची गोळी, क्लोबाझाम, नको आता. हे वाचा." सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज होता: 'टेम्पोरल लोबची फिट म्हणजे मेंदूत गाबा कमी पडणं. गाबा जागवणारं नवं औषध उंदरांवर यशस्वी, फिट मुळासकट बरी. ते बाजारात येईपर्यंत जुन्या गोळ्या सोडा, गाबाच्या कॅप्सूल घ्या.' तुमच्याकडेही फिरत आला असेल, म्हणून एकेक वाक्य धरून लिहितो. गाबा म्हणजे मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन, आणि टेम्पोरल लोब म्हणजे मेंदूचा कानाजवळचा भाग.

'जुन्या गोळ्या सोडा.' शेवटचं आधी घेतो, कारण जिवाशी खेळ इथेच आहे. क्लोबाझाम गाबाच्या रिसेप्टरवरच, म्हणजे पेशीवरच्या गाबाच्या दारावरच, बसते आणि त्याचा जोर वाढवते. फिनोबार्बिटोनही तेच करते, आणि तिचा वापर फिटवर १९१२ पासून आहे. म्हणजे गाबासाठी काकू मुलाची गाबाचीच गोळी सोडायला निघाल्या होत्या! अशी गोळी एकदम थांबवली की फिटमागून फिट येऊ शकते. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक हॉस्पिटल गाठायचं. आणि संध्याकाळची घोडबंदर रोडवरची कोंडी ठाणेकरांना मी काय सांगणार?

'गाबाच्या कॅप्सूल घ्या.' रक्तातून मेंदूत शिरताना कडक पहारा असतो. तोंडाने घेतलेला गाबा त्यातून जेमतेमच आत जातो. म्हणून तर औषधवाल्यांना आडवाटा शोधाव्या लागल्या. व्हिगाबॅट्रिन गाबा मोडणारं एन्झाइम अडवतं, पण त्यापायी काहींची कडेची नजर कायमची जाते. आणि गॅबापेन्टिन? नावात गाबा मिरवतं, काम मात्र कॅल्शियमच्या चॅनलवर करतं.

'गाबा कमी पडणं.' हिशोब इतका सोपा नाही. गाबाने दार उघडलं की एरवी क्लोराइडचे ऋणभारित कण पेशीत शिरतात आणि पेशी शांत होते. पण ऑपरेशनमध्ये काढलेल्या टेम्पोरल लोबच्या तुकड्यांवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही पेशींना गाबा उलट चेतवतानाच दिसला. आत क्लोराइड आधीच साठलं असेल तर तेच दार उलटं वागतं.

'उंदरांवर यशस्वी.' हे अर्धं खरं. दारिगाबॅट नावाचं औषध गाबा रिसेप्टरच्या गुंगी आणणाऱ्या प्रकाराला फारसं न छेडता बाकीच्यांवर काम करतं. टेम्पोरल लोबमधल्या हिप्पोकॅम्पस या भागात केनिक अ‍ॅसिड हे पेशी चेतवणारं रसायन टोचून ज्या उंदरांना हा आजार जडवला होता, त्यांच्या मेंदूतली विजेची उसळी त्याने दाबली. दाबली, 'मुळासकट' हा शब्द मेसेजवाल्याच्या पदरचा.

दोन औषधं नीट घेऊनही फिट येतच असतील, तर न्यूरॉलॉजिस्टना ऑपरेशनबद्दल विचारा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत वर्षभरानंतर ऑपरेशनच्या गटातले ५८ टक्के पेशंट भान हरपवणाऱ्या फिटमधून सुटले होते. नुसत्या गोळ्यांच्या गटात ८ टक्के.

काकूंनी स्ट्रिप घेतली. "ग्रुपवर काय टाकू?" म्हणाल्या. हेच टाका म्हटलं.