‘बिली जॅक’ला दांभिक म्हणण्याआधी

१९७१ सालच्या ‘बिली जॅक’ या अमेरिकन सिनेमाबद्दल एक दावा वर्षानुवर्षं जसाच्या तसा पुढे पाठवला जातो: ‘तोंडाने शांततेचं प्रवचन आणि पायाने लाथा. प्रश्न कुठलाही असो, नायकाने चोपलं की तो सुटतो. अहिंसा मानणारी माणसं दुबळी दाखवलीत, वंशद्वेष चवीपुरता आहे, आणि सगळा खटाटोप कराटेच्या लाटेवर पैसे करण्यासाठी.’ या दाव्याला वजनदार पूर्वज आहेत. न्यायासाठी संविधानापेक्षा बंदूक बरी असं हा सिनेमा म्हणताना दिसतो, असा आक्षेप रॉजर ईबर्टने तेव्हाच घेतला होता. एवढ्या हिंसेत शांततेचा संदेश हास्यास्पद वाटतो, असं लेनर्ड मॉल्टिननेही लिहिलं. दोघंही मोठे समीक्षक. तरीही मला वाटतं, सिनेमा जे प्रत्यक्ष दाखवतो त्याच्याशी हा दावा जुळत नाही.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. ॲरिझोनातलं एक गाव, शेजारी मूलनिवासींचं राखीव क्षेत्र, आणि तिथे जीन रॉबर्ट्स चालवत असलेली ‘फ्रीडम स्कूल’. घर सोडून आलेली, कुणालाच नको असलेली, वेगवेगळ्या वंशांची मुलं इथे राहतात. नियम तीनच: ड्रग्ज नाहीत, आपला भार आपण उचलायचा, आणि काहीतरी नवं घडवायचं. बिली जॅक हा अर्धा मूलनिवासी, व्हिएतनाममध्ये ग्रीन बेरे (अमेरिकन लष्कराच्या विशेष दलाचा सैनिक) म्हणून लढून आलेला आणि त्या युद्धाचा तिटकारा असलेला माणूस या शाळेची राखण करतो. समोर गावचा धनदांडगा पोझनर आणि त्याचा मुलगा बर्नार्ड.

‘चोपलं की प्रश्न सुटतो’ हा दाव्याचा गाभा आहे, म्हणून आधी तोच घेते. आइस्क्रीमच्या दुकानात मूलनिवासी मुलांना आइस्क्रीम नाकारलं जातं. बर्नार्ड त्यांच्या अंगावर पीठ ओततो, म्हणजे ती गोरी होतील आणि त्यांना आइस्क्रीम मिळेल. बिली आत येतो आणि हात उचलण्याआधी बोलतो. जीन आणि शाळेतली मुलं मला राग आवरायला सांगतात, मी खरंच प्रयत्न करतो, असं तो म्हणतो. मग त्या लहान मुलीकडे बघून म्हणतो की हा क्षण तिला किती वर्षं मनात वागवावा लागेल याचा विचार आला की माझा ताबा सुटतो. हे विजयाचं भाषण नाही, स्वतःच्या पराभवाचा कबुलीजबाब आहे. या जागी टाळी पडते हे मला मान्य आहे. पण संहितेने त्या टाळीआधीच हा माणूस स्वतःशी हरतोय हे सांगून ठेवलेलं आहे.

आणि पुढे काय होतं? गावच्या चौकात त्याला पोझनरची माणसं घेरतात. ‘हा उजवा पाय तुझ्या गालावर बसणार आहे आणि तू काहीही करू शकणार नाहीस,’ असं तो थोरल्या पोझनरला शांतपणे सांगतो आणि तसं करूनही दाखवतो. सिनेमातली सगळ्यांत प्रसिद्ध लाथ ही. पण त्याच मारामारीत अखेर संख्येपुढे तोच आडवा पडतो, हे दावा करणारे सांगत नाहीत. पुढे तो बर्नार्डपुढे दोन पर्याय ठेवतो: हात निखळून घे, नाहीतर तुझी नवीकोरी कॉर्व्हेट तळ्यात घाल. गाडी तळ्यात जाते. या अपमानाचा सूड बर्नार्ड बिलीवर उगवत नाही, तो जीनवर बलात्कार करतो. मार्टिन हा कुणावर हात न उचलणारा मूलनिवासी मुलगा बर्नार्डच्याच हातून मरतो. बिलीच्या प्रत्येक फटक्याची किंमत कुणीतरी निःशस्त्र माणूस चुकवतो. जो सिनेमा हिंसेला उत्तर मानतो तो तिचा हिशेब असा मांडत नाही.

बर्नार्डचं पात्रही नीट बघावं. सुरुवातीला रानघोडे पकडून कुत्र्यांच्या खाद्यासाठी विकायचा बेत असतो, तेव्हा घोड्यावर गोळी झाडायला तो कचरतो आणि बापासमोर त्याची नाचक्की होते. हा क्रूर मुलगा कसा घडला, हे सिनेमाने पहिल्या काही मिनिटांतच दाखवलंय. (रानघोड्यांचा हा धंदा खरा होता. वेल्मा जॉन्स्टन या बाईंनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला आणि रानघोड्यांना संरक्षण देणारा केंद्रीय कायदा डिसेंबर १९७१ मध्ये, म्हणजे सिनेमा आला त्याच वर्षी झाला.)

अहिंसा दुबळी दाखवली, या आरोपाचा मला सगळ्यांत जास्त राग येतो, कारण तो जीनवर अन्याय करतो. बलात्कारानंतर ती गप्प राहते. घाबरून नव्हे. बिलीला कळलं तर तो बर्नार्डला मारेल, मग शाळा संपेल आणि मुलं रस्त्यावर येतील, हे तिला ठाऊक असतं. ती मनातून मोडलेली आहे, द्वेषाने पेटलेली आहे आणि तरीही निर्णय बदलत नाही. जीनची भूमिका करणाऱ्या डेलोरेस टेलरने हे जवळजवळ अभिनय न करता केलंय. चेहरा थकलेला, आवाज कोरडा. भेकडपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय उरले तर मी हिंसा निवडायला सांगेन, पण अहिंसा हिंसेहून अनंतपटीने श्रेष्ठ आहे, असं गांधीजींनी १९२० साली ‘यंग इंडिया’त लिहिलं होतं. आपल्याकडे यातला पहिला भागच उचलला जातो. जीन दुसऱ्या भागात उभी आहे, आणि तिथे उभं राहायला काय लागतं ते तिच्या अंगावर दिसतं.

बिली तिच्याशी वाद घालतो. डॉक्टर मार्टिन ल्यूथर किंग कुठे आहेत? केनेडी बंधू कुठे आहेत? कुत्री, सायकली, मोटारींवर जेवढे निर्बंध घालता तेवढेही तुमच्या लोकांनी बंदुकांवर घातले नाहीत, म्हणून त्यांच्या मेंदूच्या चिंधड्या झाल्या. माणसं एकमेकांवर खरोखर प्रेम करतात अशी एक जागा या पृथ्वीवर दाखव, मी पुन्हा कुणालाही इजा करणार नाही. जीनकडे याला उत्तर नाही. पण बिलीकडेही तिच्या प्रश्नाचं उत्तर नाही, की तू मारून मोकळा झालास तर या मुलांचं काय. एकमेकांवर जीव असलेल्या दोन माणसांतलं हे न सुटणारं भांडण सिनेमाच्या मध्यभागी आहे. दांभिकपणा म्हणजे एक बोलून दुसरं करणं. इथे एक जण एक बोलतो, दुसरी दुसरं बोलते, आणि दोघंही आपापल्या बोलण्याची किंमत मोजतात.

शेवटसुद्धा तपासावा. बिलीने बर्नार्डला मारलेलं आहे, पोलिसांनी त्याला इमारतीत घेरलंय आणि तो लढून मरायला तयार आहे. त्याला बाहेर आणते ती जीन. शाळा दहा वर्षं तिच्याच हाताखाली चालू राहील ही अट मान्य झाल्यावर तो शरण येतो आणि बेड्या घालून निघतो. मुलं रस्त्याकडेला मुठी उंचावून उभी असतात. इथे जे मिळतं ते जीनच्या हट्टामुळे आणि वाटाघाटीने मिळतं, बंदुकीने नाही. ईबर्टच्या आक्षेपाला माझं उत्तर हेच आहे.

वंशद्वेष चवीपुरता? सिनेमाचा दिग्दर्शक आणि बिली साकारणारा टॉम लाफलिन याने या कथेचं पहिलं बीज १९५४ मध्ये लिहिलं. साउथ डकोटातल्या विनर या गावी, पत्नी डेलोरेसच्या माहेरी, मूलनिवासींना मिळणारी वागणूक पाहून. पीठ ओतण्याचं दृश्यही हवेतून आलेलं नाही: १९६३ मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात फक्त गोऱ्यांसाठीच्या खाद्यकाउंटरवर बसलेल्या वर्णभेदविरोधी आंदोलकांच्या डोक्यावर साखर आणि केचप ओतलं गेलं होतं. सिनेमा येऊन वर्षही उलटत नाही तोच, फेब्रुवारी १९७२ मध्ये, नेब्रास्कातल्या गॉर्डन गावात रेमंड यलो थंडर या मूलनिवासी माणसाला मारहाण झाली, अर्ध्या कपड्यांत लोकांसमोर ढकललं गेलं आणि तो मेला. मार्टिनचं मरण कुणाला भडक वाटत असेल तर ही घटना वाचावी.

एका ठिकाणी मात्र टीका खरी आहे. बिलीची भूमिका गोऱ्या लाफलिनने केली. बिलीने सापाकडून दंश करवून घेण्याचा विधीही एखाद्या जमातीच्या परंपरेपेक्षा पटकथेच्या सोयीने रचल्यासारखा वाटतो. मूलनिवासी प्रेक्षकांनी यावर राग धरला तर तो रास्तच आहे. पण ती तक्रार वेगळी.

राहिला पैशाचा मुद्दा. चित्रीकरण १९६९ मध्ये सुरू झालं, ब्रूस लीचा पहिला मोठा हाँगकाँगी सिनेमा येण्याच्या आधी. कराटेची लाट तेव्हा नव्हतीच, आणि इथे आहे ती हापकिडो ही कोरियन युद्धकला. मारामारीची आखणी हापकिडोचे उस्ताद हान बोंग-सू यांनी केली आणि काही लाथा लाफलिनच्या जागी त्यांनीच मारल्या. निर्मिती मध्येच अडली, स्टुडिओ बदलले, १९७१चं वितरण इतकं निरुत्साही झालं की लाफलिनने वितरक वॉर्नर ब्रदर्सवर दावा ठोकला. १९७३ मध्ये थिएटरं भाड्याने घेऊन, टीव्हीवर जाहिराती करून त्याने सिनेमा पुन्हा लावला आणि तेव्हा तो तुफान चालला. त्या खेपेला कुंग-फूच्या लाटेने हात दिलाच असणार. पण १९७३च्या गर्दीवरून १९६९च्या हेतूचा निवाडा करता येत नाही.