घड्याळावरचं आयर्नमॅन नाव

एका लेखात म्हटलंय की रोजच्या वापराच्या वस्तूवर आयर्नमॅन या पोहणं, सायकल आणि पळणं अशा सलग लांब पल्ल्याच्या शर्यतीचं नाव छापणं म्हणजे ग्राहकाची फसवणूक, पण सरसकट असं नाही म्हणता येणार. टायमेक्स कंपनीचं आयर्नमॅन घड्याळ 1986 मध्ये आलं तेव्हा त्यात पळणाऱ्याला खरंच लागणाऱ्या गोष्टी होत्या, स्टॉपवॉच, लॅप मोजायची सोय, आणि किंमत साध्या माणसाला झेपेल अशी, म्हणून तर ते ऑफिसात पण लोक घालायला लागले, बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या हातात हेच असायचं! तिथे नावामागे काम होतं. माझा राग आहे तो गादी, परफ्यूम असल्या वस्तूंवर हेच नाव लावतात त्यावर. 3.8 किमी पोहणं, 180 किमी सायकल आणि वर 42.2 किमी पळणं याचा गादीशी काय संबंध सांगा. 1978 ला हवाईत पहिली रेस झाली तेव्हा फक्त 15 जण उतरले होते, 12 जणांनी पूर्ण केली, त्या मेहनतीवर हे नाव उभं राहिलंय. गोव्यात मिरामारला अर्ध्या अंतराची आयर्नमॅन 70.3 (म्हणजे एकूण 70.3 मैल) होते ती एकदा बघून या, फिनिश लाईनवर रडणारी माणसं दिसतील. ते नाव कुठल्याही खोक्यावर चिकटवू नये, एवढंच म्हणणं आहे.