शकुंतलेची पट्टी तुटण्याआधी तिथे कडुनिंब लावा

काल पहाटे पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या आमच्या गावच्या पोरांना दारव्हा रोडवर ट्रक घासून गेला. एक जण खाली पडला, गुडघा फुटला. थोडक्यात वाचला. आणि त्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेची अख्खी पट्टी रिकामी पडून आहे!

यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, पुढे अचलपूरपर्यंत ७६. अडीच फुटी रूळ. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या इंजिनानं १९९४ पर्यंत ही गाडी ओढली. याच गाडीनं माझी आजी कारंज्याला लेकीकडे जायची. आता रुळांच्या मधोमध मनगटाएवढ्या बाभळी झाल्यात, एकीनं तर स्लीपर उचलून धरलाय. आणि शेताचा धुरा दरवर्षी वीतभर रुळाकडे सरकतोय. कोणाचा, ते गावात सगळ्यांना माहीत आहे.

पॅरिसमध्ये १९६९ साली बंद पडलेल्या रेल्वेच्या उंच कमानींवर १९९३ पासून बाग आहे. पण मला जवळचं वाटतं ते सिंगापूर. तिथली २४ किलोमीटरची लाइन २०११ साली बंद झाली, बरीचशी जमिनीवरूनच जाणारी, आपल्यासारखी. आज तिथे लोक चालतात, सायकली चालवतात.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "बाग कायले पायजे? आमाले गाडी पायजे!" काका, गाडी मलाही पाहिजे, ब्रॉडगेजच पाहिजे. म्हणूनच सांगतो. अमेरिकेत १९८३ पासून कायद्यातच सोय आहे: बंद लाइनवर पायवाट करा, पट्टी अखंड ठेवा, उद्या रेल्वेला लागली तर परत द्या. रिकामी जागा तुकड्या-तुकड्यानं जाते. रोज माणसं चालतात ती जागा कोणाला गुपचूप नांगरता येत नाही.

लॉन नको, कारंजी नकोत, सेल्फी पॉइंट तर अजिबात नको. रूळ आहेत तिथेच राहू द्या. बाजूनं मुरमाची पायवाट, आणि पट्टीच्या अगदी कडेला कडुनिंब, म्हणजे उद्या गाडी आली तरी झाडं आड येणार नाहीत. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत आपल्याला सावलीच लागते. दोन उन्हाळे पाणी घालावं लागेल, ते आपण घालू. रेल्वेनं फक्त परवानगी द्यावी, आधी गावाला लागून असलेल्या दोन किलोमीटरपुरती.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. ज्यांची वावरं पट्टीला लागून आहेत, त्यांनी नक्की या.