भिंत वाकडी आहे, काका

काल रात्री मी बादली कुशीत घेऊन झोपलो. शेजारी नव्हे, कुशीत. कारण थेंब पडतो तो नेमका माझ्या आणि बायकोच्या उशीच्या मधोमध, आणि पलंगावर ठेवलेली बादली कोणीतरी धरून ठेवावी लागते, नाहीतर कूस बदलताना लवंडते. बायको म्हणाली, "तूच धर. एसीची हौस तुझी होती." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी धरली. दोनदा उठून रिकामी केली, परत येऊन परत धरली.

एसी बसवून आज अकरा दिवस झाले. बसवायला दोघं आले होते. त्यातला मोठा, मान आणि खांद्यात फोन दाबून, कोणालातरी "निघालोय, पोचतोच, पाच मिनिटं" असं सांगत होता आणि हे सांगताना तो माझ्या पलंगावर चपलांसकट उभा होता. धाकटा नुसतीच हत्यारं हातात देत होता, तीही बहुतेक वेळा चुकीची. भिंतीला भोक, तांब्याच्या नळ्या, पांढरी टेप, रिमोटची पिकपिक, थंड वारा. चाळीस मिनिटांत खेळ खलास. मग, "काका, ओटीपी सांगा." मी सांगितला. सहा आकडे. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि तो तिशीचा तरी असेल, तेव्हा "काका" कशासाठी हा प्रश्न मी त्या थंड वाऱ्यात सोडून दिला. आता सोडवत नाही.

तिरकेपणा पहिल्यांदा बायकोला दिसला. संध्याकाळी ती दारात उभी राहून बराच वेळ वर बघत होती. म्हणाली, "हा आपल्याला हसतोय का रे?" मी बोटांनी मोजलं. छत आणि एसी यांच्यात डाव्या टोकाला चार बोटं, उजव्या टोकाला पाच. आणि पाणी बाहेर न्यायची नळी डावीकडे. म्हणजे एसीच्या पोटातल्या पन्हाळीत पाणी जमणार, त्यातलं बरंचसं उताराने उजवीकडे धावणार, तिथे वाट नाही हे बघून काठावरून खाली उतरणार. खाली आम्ही.

चौथ्या दिवशी तो मोठा परत आला.

"सुरुवातीला थोडं पाणी येतंच," तो म्हणाला. "नवीन आहे ना."

"नवीन असलं की पाणी येतं?"

"सेट व्हायला वेळ लागतो."

"अहो, पण तो तिरका आहे."

त्याने एक डोळा मिटला, मान कलती केली, बरोबर एसी जेवढा कलला होता तेवढीच, आणि म्हणाला, "सरळ आहे की."

मी छतापासूनची फट मोजून दाखवली. "छत वाकडं आहे." मी खालच्या पुस्तकांच्या फळीपासून मोजून दाखवलं. "फळी वाकडी लावलीय." मी चिडून विचारलं, "मग भिंतपण वाकडी असेल!" तो एकदम खूश झाला. इतक्या वेळाने गिऱ्हाइकाच्या डोक्यात प्रकाश पडला होता. "तेच तर सांगतोय मघापासून. भिंतच वाकडी आहे, काका."

नाचता येईना अंगण वाकडं, हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या म्हणीतला नाचणारा अंगणाच्या मालकाकडून ओटीपी घेऊन गेलेला नसतो.

"तुमच्याकडे पाणसळ असेल ना?" मी विचारलं.

"काय?"

"लेव्हल."

"आहे ना! गाडीत आहे."

"मग आणा."

"गाडी आज दुसरा घेऊन गेलाय."

पाणसळ हा शब्द मला फार आवडतो. गवंडी उभं बघतो ओळंब्याने आणि आडवं बघतो पाणसळीने. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला की पातळी बरोबर. म्हणजे आडव्यातलं सरळ काय नि वाकडं काय, हे शेवटी पाण्यालाच विचारायचं असतं, हे त्या शब्दातच लिहिलेलं आहे. माझ्या घरात पाणी न विचारता, रात्रंदिवस, थेंबाथेंबाने साक्ष देत होतं आणि पंच एक डोळा मिटून उभे होते.

शेवटी त्याने तोडगा काढला. बाल्कनीत ठेवलेल्या एसीच्याच खोक्याचा पुठ्ठा फाडला, चौघडी घातली आणि मागच्या प्लेटच्या उजव्या आकड्याखाली खुपसली. त्या तुकड्यावर नेमका बाण होता आणि "ही बाजू वर" असं छापलेलं होतं. ते अक्षर न अक्षर अजूनही एसीच्या बुडातून डोकावतं. बाण खाली आहे. या उपचारानंतर उजव्या कोपऱ्यात पडणारा थेंब सरकून पलंगाच्या मध्यावर आला. प्रगती म्हणायची तर आहे.

रात्री अडीचला कानात थेंब पडून जाग आली की माणूस काहीही वाचतो. मी एसीचा इतिहास वाचला. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आक्रसायचा, आणि एकावर एक छापायचे रंग जागचे हलायचे. विलिस कॅरियर नावाच्या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातला दमटपणा काबूत ठेवायची योजना आखली. म्हणजे हे यंत्र मुळात माणसासाठी जन्मालाच आलेलं नाही. ते आलं कागदासाठी. माणसाला गार वाटणं हा नंतरचा जोडधंदा. हे वाचून जरा समाधान वाटलं, की निदान कागदाशी तरी हा इमान राखेल. मग उशाजवळचं पुस्तक हाताला लागलं. ते भिजून पावासारखं फुगलं होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे नाना. हातात बॅटरी आणि वही.

माझ्या पोटात गोळा आला. एसीच्या नळीचं बाहेरचं टोक त्यांच्या खिडकीवरच्या पत्र्याच्या बरोब्बर वर लोंबतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी ते ठाऊक नसल्यासारखं वागत होतो. नळी खालपर्यंत न्यायला सांगितली तर बसवणारा म्हणाला होता, "पाणीच आहे, काका. आग थोडीच आहे."

"नाना, माफ करा, मी उद्याच—"

"मिनिटाला अडतीस," नाना म्हणाले आणि आत येऊन खुर्चीवर बसले.

"काय?"

"थेंब. पहिल्या रात्री राग आला. म्हटलं, सकाळी वर जाऊन झाडतो. दुसऱ्या रात्री झोप येईना म्हणून मोजायला लागलो. राग गेला." त्यांनी वही उघडली. तारीख, वेळ, थेंब, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात एका ठिकाणी "मध्ये मांजर" असं लिहिलं होतं. नानांचा सगळा जन्म हिशेब तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तपासायला काही उरलं नव्हतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरतात," ते म्हणाले. "मिनिटाला १.९. तासाला ११४. आठ तासांचे ९१२. आता मला सांग, मशीन केवढं?"

"दीड टन."

"वजन?"

"नाही हो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढं काम. उष्णतेच्या एककात, बीटीयूत, तासाला १२,०००. आपलं त्याच्या दीडपट."

नानांनी पेन्सिल थांबवली. "म्हणजे दीड टन बर्फाचं पाणी आमच्या पत्र्यावर?"

"नाही, नाही! बर्फ नसतोच. ते नुसतं माप. जुन्या काळी थंडावा बर्फाने मोजायचे म्हणून. हे पाणी हवेतलं. गार नळ्यांवर धरतं."

"हवा कोणाची?"

"खोलीतली. आमची."

"म्हणजे पाणी तुमचं," नानांनी लिहून घेतलं. "बरं. हवा दमट असली तर एवढं मशीन तासाला लिटरभर पाणी सहज काढतं, असं मी वाचलंय. आठ तासांचे ८,०००. माझ्याकडे पोचले ९१२. बाकीचे ७,०८८ कुठे आहेत?"

चष्म्यावरून असं बघितलं त्यांनी, की मला आपण अफरातफर केल्यासारखं वाटलं. मी उठून त्यांना बेडरूममध्ये नेलं. बादली दाखवली. त्यांनी स्वयंपाकघरातलं लिटरचं माप मागवलं आणि माझ्या बायकोसमोर बादलीतलं पाणी मोजून मोरीत ओतलं. पाच लिटर. मग गादीकडे वळले. दोन बोटांनी दाबली, वैद्याने नाडी बघावी तशी, डोळे मिटून. तीन ठिकाणी. "दोन लिटर धरू," म्हणाले. "जास्त नाही."

बेरीज केली. ७,९१२. परत केली. परत ७,९१२.

"८८ चा फरक येतोय," नाना अस्वस्थ झाले.

"नाना, एवढं चालायचं."

"चालायचं कसं?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. रात्रंदिवस पत्र्यावर टपटप ऐकून जो चढला नव्हता, तो ८८ मिलिलिटरवर चढला. त्यांनी खाली वाकून पलंगाखाली बॅटरी मारली. कपाटामागे मारली. शेवटी त्यांची दया येऊन मी म्हणालो, "रात्री थोडं माझ्या कानात जातं."

नाना सरळ झाले. चेहरा निवळला. त्यांनी वहीत लिहिलं, मी डोळ्यांनी पाहिलं: "कान – ८८." खाली दोन रेघा मारल्या. जाताना दारात थांबून म्हणाले, "दुरुस्ती करशील तेव्हा आधी सांग. वही बंद करावी लागेल."

एसी तिरका आहे हे पहिल्या दिवसापासून मी ज्या ज्या कोणाला सांगितलं, त्यांच्यापैकी फक्त नानांनी ते खरं धरलं. बाकी हेल्पलाइनवर जी मुलगी बोलते, ती आवाजाने अतिशय गोड आहे. "तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे," असं ती म्हणते आणि मग बासरी लावते. तिच्या कागदांप्रमाणे माझी तक्रार चौथ्याच दिवशी मिटलेली आहे. कारण पुठ्ठा खुपसल्यावर त्याने परत एक ओटीपी मागितला होता आणि मी, सवयीने, दिला होता. मशीनला वॉरंटी आहे. मशीन उत्तम आहे. बसवणं हे वेगळं खातं आहे, ते बसवणाऱ्याचं, आणि बसवणाऱ्याचं म्हणणं भिंत वाकडी आहे. म्हणजे हे प्रकरण आता माझ्यात आणि माझ्या भिंतीत आहे.

आणि पाण्याचं निदान दिसतं तरी. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय, की नळ्या जोडल्यावर पंपाने आतली हवा आणि ओल पूर्ण ओढून घ्यायची आणि मगच गॅसचे वाल्व्ह उघडायचे. ओल राहिली तर ती कॉम्प्रेसरच्या तेलाशी संसार थाटते आणि हळूहळू कॉम्प्रेसरच खाते. माझ्याकडे पंप आलाच नव्हता. त्याने एक नट किंचित सैल केला, "फुस्स" असा आवाज आला, नट आवळला. "हवा निघाली," म्हणाला. त्या "फुस्स"ची तक्रार कुठल्या रकान्यात करायची? दोन-तीन वर्षांनी मशीन बसेल तेव्हा सगळे म्हणतील, वापर नीट नाही. भिंतीतलं भोकही बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं हवं. माझं आत उतरतं. पावसाळा यायचाय.

त्याच्या घाईचं कारण मला कळत नाही असं नाही. त्याला नगावर पैसे मिळतात, दिवसाला किती भिंती होतील त्यावर त्याचं घर चालतं, पाणसळ लावून बुडबुड्याची वाट बघायला त्याला कोणी काही देत नाही. फोनवर तो ज्याला "पाच मिनिटं" सांगत होता, तो माझ्यासारखाच कोणीतरी काका असणार, घामाने निथळत बसलेला. हे सगळं कळतं. पण दोन लिटर माझ्या गादीत आहेत.

आज सकाळी फोनवर निरोप आला. "आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे. कृपया आमच्या सेवेला तारे द्या." मी तारे किती द्यावेत याचा विचार करत बाल्कनीत उभा होतो, तेवढ्यात खालून नानांनी हाक मारली.

"काल रात्री किती?"

"बादलीत सात लिटर, नाना."

"गादी?"

"कोरडी. बादली धरून झोपलो होतो."

"आणि कान?"

"कानही कोरडा."

खाली बराच वेळ काही आवाज नाही. मग वहीचं पान उलटल्याचा आवाज.

"मग ते ८८ कुठे दाखवू?"