नुसतं बघून घुमट वाजत नाही

चतुर्थी जवळ आली की हा संदेश हमखास फिरतो: ‘मेंदूतले मिरर न्यूरॉन बघितलेली कृती आपोआप उतरवून घेतात. मुलाला शिकवू नका, आरतीला बसवा. शंभरदा बघितलं की घुमट आपसूक वाजवेल.’ (घुमट म्हणजे गोव्यात आरतीला वाजवतात ते मातीचं, दोन्हीकडे तोंड असलेलं वाद्य.)

आधी न्यूरॉन. ते इटलीतल्या पार्मात मकाक माकडांत सापडले. पहिला निबंध 1992चा. माकडाने स्वतः वस्तू उचलली किंवा दुसऱ्याला उचलताना पाहिलं, तरी त्याच पेशी चेततात. पण नक्कल करून नवं कसब शिकण्यात मकाक यथातथाच! पेशी असल्या म्हणून हात चालतो, असं काही नाही.

‘आपसूक’ म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी चार पायऱ्या मांडल्या: लक्ष, आठवण, हाताला जमणं आणि करावंसं वाटणं. घुमटाच्या बाबतीत पोर पहिल्याच पायरीवर अडतं. उजवा हात मोठ्या तोंडावरच्या कातड्यावर पडतो, तो सगळ्यांना दिसतो. खरी मेख डाव्या तळव्यात: मागच्या लहान तोंडावर त्याची उघडझाप होते, तसा आवाज घुमतो नाहीतर दबतो. समोर बसलेल्याला हे दिसतच नाही, आणि उजवं-डावंही उलटं होतं. मग ते घरी जाऊन नुसत्या थापा मारत बसतं. त्याला वाजवणाऱ्याच्या डावीकडे, जरासं मागे बसवा. आधी फक्त तळवा: चार थापा मोकळ्या, चार बंद. मग निम्म्या लयीत एक आवर्तन बघायचं, लगेच तेवढंच वाजवायचं, तोंडाने बोल म्हणत. (भाद्रपदातल्या दमट हवेत कातडं सैल पडतं. आवाज बसला तर आधी ते बघा, मग पोराला बोला.)

‘शंभरदा बघा’ हा सल्ला तर उलटा पडतो. 2018च्या एका अभ्यासात लोकांनी डार्ट मारण्याची चित्रफीत वीसदा पाहिली. एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा त्यांचा विश्वास वाढला. नेम मात्र सुधारला नाही.

निम्मं खरं एवढंच, की मुलं नकला पक्क्या करतात. कधी नको इतक्या. 2005च्या एका प्रयोगात पारदर्शक पेटीतून बक्षीस काढायचं होतं. चिंपांझींनी निरुपयोगी हालचाली गाळल्या, मुलांनी त्याही जशाच्या तशा केल्या. तुमच्या फडातला वादक प्रत्येक समेला खांदा उडवत असेल, तर पोरही उडवणार. त्यातलं वाजवणं कुठलं आणि सवय कुठली, हे त्याला तोंडानेच सांगावं लागतं.