कासवावर कुठून चढायचं?

पाहुण्याला रविवारी सकाळी काळ्या मसाल्याची मिसळ खायला नेताना नाशिककर तर्रीची वाटी जरा लांबच ठेवतो. इंग्रज विनोदी लेखक टेरी प्रॅचेटच्या बाबतीत हे शहाणपण कुणाला सुचत नाही. त्याच्या 'डिस्कवर्ल्ड' या काल्पनिक जगाच्या ४१ कादंबऱ्या आहेत म्हटलं की माणूस सरळ पहिली उचलतो, तिसाव्या पानावर त्याला ठसका लागतो आणि मग तो मला विचारतो, "तुम्हाला यात एवढं काय दिसतं हो?"

पहिली म्हणजे १९८३ची 'द कलर ऑफ मॅजिक'. वाईट नाही, पण ती तलवारी आणि जादूगारांच्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांची टिंगल आहे. त्या आपण वाचलेल्या नसतात. ज्याचा आवाज कधी ऐकला नाही त्याची नक्कल ऐकून हसणार कसं? शिवाय ती संपतही नाही. नायक जगाच्या काठावरून खाली पडतो तो पडतोच. त्याला झेलायला १९८६चं 'द लाइट फॅन्टास्टिक' आणावं लागतं.

जगाला काठ आहे, कारण ते थाळीसारखं चपटं. थाळी चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती कासवाच्या पाठीवर. अष्टदिग्गज ऐकून वाढलेली आजी एवढंच विचारील, "चारच?"

मी 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९) हातात ठेवतो. एक दारुडा कॅप्टन, कुणी न विचारणारी रात्रपाळीची गस्त आणि शहरावर आलेला ड्रॅगन. त्या शहरातली नदी इतकी दाट, की तिच्यावरून चालत जाता येतं. पाणवेलींनी भरलेली गोदावरी पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे मात्र 'मेन ॲट आर्म्स' (१९९३), मग 'फीट ऑफ क्ले' (१९९६), असंच जायचं. मधली उडी मारलीत तर कॅप्टनचं लग्न आणि बढती दोन्ही आधीच कळतात.

मालिका नकोच असेल तर 'स्मॉल गॉड्स' (१९९२). खरा भक्त एकच उरल्यामुळे देव कासव होऊन बसलाय. मागचंपुढचं काही लागत नाही.

'मॉर्ट'मध्ये (१९८७) मृत्यू हाताखाली एक पोरगा ठेवतो. हा मृत्यू सगळं मोठ्या लिपीत बोलतो, अवतरणचिन्हंही नाहीत. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नसल्यामुळे मराठीत वाचून दाखवताना आवाज खोल काढण्यावाचून इलाज नसतो.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत, त्यामुळे "एवढं प्रकरण संपवून झोपतो" हा बेत फसतो. आणि निम्मी गंमत तळटिपांत असते. कागदावर ठीक, मोबाइलवर तीळभर चांदणीवर बोट टेकवायला जावं तर पान उलटतं. नेम लागलाच तर पुस्तकाच्या शेवटी फेकले जाता आणि परत येईपर्यंत विनोद गार. पहिलं पुस्तक तरी छापील घ्या.

बाकी खरा त्रास सल्लागारांचा. नाशिकच्या रविवार कारंजावर पत्ता विचारावा तसे चार चाहते पाच रस्ते दाखवतात. एकमत एकाच गोष्टीवर होतं: 'द शेफर्ड्स क्राउन' शेवटी. ते २०१५ साली, प्रॅचेट गेल्यावर आलं. काहीजण ते मुद्दाम उघडतच नाहीत, म्हणजे एक तरी वाचायचं शिल्लक राहतं.

एवढं ऐकून "पण मला मधूनच सुरू केलेलं आवडत नाही" म्हणणारा निघतोच. त्याला पहिली दोन एकदम द्यावीत. निदान नायक रात्रभर अधांतरी राहणार नाही.